मधुमेहाची गोळी, झेब्राफिश आणि ताण: नक्की मोजतात काय?

सांजसावली

गेली आठ वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतेय. सकाळी एक, रात्री एक. गोळीबद्दल फारसा विचार कधी केला नव्हता. परवा एक मथळा दिसला की मधुमेहाच्या औषधाने प्रयोगशाळेतल्या माशांचा ताण कमी होतो. आत वाचलं तर किती मासे, किती मात्रा, ताण कसा मोजला, काहीच नाही. शेवटी मात्र ‘माणसांसाठी आशेचा किरण’ होताच.

मला तीन प्रश्न पडले. माशाला ताण आलाय हे कळतं कसं? मधुमेह नसलेल्या माशाला मधुमेहाचं औषध का द्यायचं? आणि आठ वर्षं गोळी घेऊनही माझा ताण जिथल्या तिथे आहे, तो का? (तिसरा हलके घ्या.)

इथे कुणी या क्षेत्रातलं असेल तर लिहा.

बिनपाण्याचा

माशाला ताण? त्याला ना हप्ते भरायचे, ना साहेबाचे फोन घ्यायचे.

कल्लेदार

बिनपाण्याचा, तुमचं नाव बघता पाण्याबाहेर काढलेल्या माशाला काय होतं ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. :) आमच्याकडे माशाला ताण द्यायची ती एक नेहमीची रीत आहे. जाळीत उचलून मिनिटभर हवेत धरायचा किंवा टाकीत जाळीने पाठलाग करायचा.

मी काही वर्षं झेब्राफिशच्या वर्तनावर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हा मासा तीन-चार सेंटिमीटरचा, अंगावर लांबीच्या दिशेने निळे पट्टे. मूळचा दक्षिण आशियातल्या ओढ्यांतला आणि भातखाचरांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. प्रयोगशाळेत त्याला मान मिळवून दिला तो ओरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी, १९८१ च्या सुमारास. अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात आणि गर्भ पारदर्शक असतो, त्यामुळे हृदयाचे ठोके सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतात. २०१३ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक जोडीदार जनुक असल्याचं दिसलं.

ताणाच्या बाबतीत तर हा मासा उंदरापेक्षा आपल्याला जवळचा आहे. उंदीर-घुशींमध्ये ताणाचं मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन, तर माणसात आणि झेब्राफिशमध्ये कॉर्टिसॉल. साखळीही तशीच आहे: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप, पिट्युटरीकडून पुढे. आपल्याकडे तो मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला पोचतो. माशाला अशी वेगळी ग्रंथी नसते. त्याच्या मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात काही पेशी विखुरलेल्या असतात, त्या हे काम करतात.

तेव्हा हप्ते नसले तरी ताण आहे. बगळा आला की पळायचं, हा त्याचा हप्ता.

सांजसावली

कल्लेदार, मनापासून धन्यवाद. पण मोजायचं कसं? एवढ्याशा माशाचं रक्त काढतात?

कल्लेदार

काढता येतं, पण इतकं थोडं की नेहमीच्या चाचणीला पुरत नाही. म्हणून बहुतेक वेळा अख्ख्या माशाचं कॉर्टिसॉल मोजतात. मासा झटकन मारून गोठवायचा, वाटायचा, द्रावकाने संप्रेरक वेगळं करायचं आणि एलायझा या प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीने मोजायचं. यात वेळेला फार महत्त्व. ताण दिल्यावर साधारण पाव तासात कॉर्टिसॉल शिखरावर जातं आणि तासाभरात बरंच खाली येतं. एका गटाचे मासे पंधराव्या मिनिटाला पकडले आणि दुसऱ्या गटाचे पकडता पकडता पंचविसावं मिनिट उजाडलं, तर जो फरक दिसेल तो औषधाचा नसून तुमच्या जाळीच्या हाताचा.

दुसरी पद्धत वर्तनाची. मासा नवीन, उभ्या टाकीत सोडायचा आणि पाच-सहा मिनिटं बाजूने चित्रण करायचं. अनोळखी जागी झेब्राफिश आधी तळाशी जातो. मग भीड चेपली की हळूहळू वर येऊन हिंडायला लागतो. पडद्यावर टाकीचे वरचा आणि खालचा असे भाग पाडतात. पहिल्यांदा वर यायला किती सेकंद लागले, वर एकूण किती वेळ होता, किती वेळा गोठून बसला, किती अंतर पोहला, हे सगळं संगणक मोजतो. गोठणं म्हणजे फक्त कल्ले आणि डोळे हलतात, बाकी मासा चित्रातला. एकदा बघितलं की विसरत नाही.

चिंता कमी करणारी माहितीतली औषधं, उदाहरणार्थ डायझेपाम किंवा फ्लुओक्सेटिन, दिली की मासे वर जास्त वेळ काढतात. कॅफीन जास्त झालं की तळ धरतात. म्हणून ही चाचणी विश्वासाची मानतात.

अक्षांश

विश्वासाची, पण कुठवर? वर आलेला मासा निवांत आहे की सुस्त, हे कसं ठरवणार? झोपेची गोळी दिलेला माणूसही मुलाखतीला घाबरत नाही.

कल्लेदार

अगदी नेमकं बोट ठेवलंत. म्हणूनच एकूण अंतर बघावं लागतं. मासा वर आला आणि अंतर पहिल्याइतकंच, तर भीती कमी झाली असं म्हणायला जागा आहे. वर आला पण अंतर अर्धं, तर तो गुंगला असेल. अंतर दुप्पट, तर भीती गेली की उत्तेजित झाला, हा नवा प्रश्न. नुसत्या ‘वरच्या भागातला वेळ’ या आकड्यावर निष्कर्ष काढलेला दिसला की मी तो शोधनिबंध बाजूला ठेवते.

मेटफॉर्मिनच्या बाबतीत ही शंका जास्तच रास्त. हे औषध मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या, पहिल्या प्रथिन-संकुलावर ब्रेक लावतं. पेशीला ऊर्जा कमी पडतेय असं वाटतं, एएमपीके नावाचं वितंचक (एन्झाइम) जागं होतं आणि यकृत साखर बनवणं कमी करतं. आता ऊर्जेशी खेळणारं औषध दिलेला मासा कमी धावला, तर तो शांत झाला म्हणायचं की दमला?

डॉ_घाईत

दोन पेशंटच्या मधे लिहितोय. सांजसावली, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ताण आणि साखर यांचं नातं थेट आहे. कॉर्टिसॉलचं एक मुख्य काम म्हणजे यकृताकडून साखर बनवून घेणं, पळायला इंधन हवं म्हणून. तेच यकृत मेटफॉर्मिनचं मुख्य कार्यक्षेत्र. शिवाय मधुमेह आणि नैराश्य एकाच माणसात वारंवार सापडतात, दोन्हीमध्ये अनेकदा शरीरात मंद दाह असतो आणि तो मेटफॉर्मिनने थोडा उतरतो असं दिसलंय. त्यामुळे मधुमेह नसलेल्या जिवावर बघायचं की औषध साखरेमार्फत काम करतंय की थेट, हा प्रश्न शास्त्रशुद्ध आहे.

पण ताणासाठी कुणी मेटफॉर्मिन मागायला येऊ नका. आणि आठ वर्षं घेताय तर बी-१२ जीवनसत्त्व तपासलंय का? दीर्घकाळ घेतल्यावर ते कमी होऊ शकतं, आणि त्याने थकवा, मुंग्या, चिडचिड होते. तुमचा तिसरा प्रश्न मी हलके घेतला नाही.

सांजसावली

बाप रे. नाही तपासलं. तपासते.

आजीचा_बटवा

हे औषध मूळ वनस्पतीचं आहे हे कुणी लिहिलंच नाही. निसर्गात सगळं आहे. मग माशांचे हाल कशाला?

डॉ_घाईत

अर्धं बरोबर. गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाच्या युरोपातल्या झुडपात ग्वानिडिन जातीची द्रव्यं सापडली, ती साखर उतरवायची. पण विषारी होती. मेटफॉर्मिन हे त्यावरून प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन, १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी. मग ते जवळजवळ विसरलं गेलं. फिलिपिन्समध्ये युसेबिओ गार्सिया यांनी ते इन्फ्लुएन्झावर वापरून पाहिलं आणि साखर उतरते हे नोंदवलं. पुढे १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ उजाडलं. याच कुळातलं फेनफॉर्मिन मध्यंतरी लॅक्टिक अ‍ॅसिडोसिसमुळे (रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक प्रमाणात साठणं) बाद झालं होतं, त्याची भीती सगळ्या कुळाला चिकटली. निसर्गातून आलं म्हणून सुरक्षित, हे या झुडपाने तरी सिद्ध केलेलं नाही. गायीगुरांनी खाल्लं तर विषबाधा होते.

बिनपाण्याचा

मला एक व्यावहारिक शंका. माशाला गोळी कशी देतात? कुटून पाण्यात?

कल्लेदार

हसू नका कुणी, चांगला प्रश्न आहे. गोळी कुटत नाहीत. गोळीत स्टार्च, बंधक, लेप असं बरंच काही असतं, मग परिणाम कशाचा ते कळणार नाही. शुद्ध मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइडची पूड मिळते, ती पाण्यात विरघळवतात. विरघळते छान. आणि तिथेच घोळ आहे. पाण्यात इतकं छान विरघळणारं द्रव्य पेशीच्या तेलकट पडद्यातून आपणहून जात नाही, त्याला वाहक प्रथिनं लागतात. त्यामुळे टाकीत किती टाकलं हे आपल्याला माहीत असतं, पण माशात किती गेलं हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. बरेच जण ते मोजत नाहीत. ‘दहा मिलिग्रॅम प्रतिलिटर’ लिहिलेलं दिसलं की वाचकाला वाटतं तेवढं माशाच्या रक्तात होतं.

दुसरा मार्ग म्हणजे भूल देऊन पोटात बारीक सुईने टोचणं. मात्रा नक्की होते, पण सुई आणि भूल हाच मोठा ताण. मग नियंत्रण गटालाही, म्हणजे औषध न दिलेल्या माशांनाही, तशीच भूल आणि नुसतं खारं पाणी टोचावं लागतं. औषध पाण्यात मिसळल्यावर आम्लता बदलली का, तेही बघायचं. नाहीतर मासे पाण्याला वैतागून तळाशी जातील आणि आपण औषधावर निबंध लिहू.

एक जुनी फजिती सांगते. एका प्रयोगात सकाळच्या सगळ्या माशांनी तळ धरला, दुपारचे सगळे वर. आम्ही खूश, कारण औषधाचा गट दुपारी होता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सकाळी शेजारच्या खोलीत पंप चालू असायचा आणि टेबल बारीक थरथरायचं. माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातली हालचाल टिपते. आपल्याला ऐकूही न येणारी थरथर त्याच्यासाठी ढोल. तीन आठवड्यांचं काम टाकून दिलं. गट सकाळ-दुपार मिसळून का ठेवले नाहीत, हे मात्र सगळ्यांनी एकमेकांना विचारलं.

अक्षांश

यावर माझा आवडता मुद्दा. समजा दोन टाक्या. एकीत औषध, एकीत नाही, प्रत्येकीत वीस मासे. लोक लिहितात ‘प्रत्येकी वीस नमुने’. मुळात नमुना प्रत्येकी एकच, टाकी. एका टाकीतले मासे एकच पाणी पितात, एकाच दांडगट माशाचा मार खातात. एकाला ताण आला की बाकीच्यांना कळतो. त्यामुळे अनेक छोट्या टाक्या हव्यात, कुठल्या टाकीत काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि चित्रफीत मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. निबंधात हे तीन शब्द शोधा: यादृच्छिक, अंध, टाक्यांची संख्या. मथळा नंतर वाचा.

कल्लेदार

+१. आणि हो, एकाला ताण आला की बाकीच्यांना कळतो, हे अक्षरशः खरं आहे. या माशांच्या कातडीत अशा पेशी असतात की जखम झाली की त्यांतून द्रव्य सुटतं आणि आसपासचे मासे घाबरतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे १९३० च्या दशकात मिनो नावाच्या छोट्या गोड्या पाण्यातल्या माशांत पाहिलं. मधमाशांच्या नाचाचा अर्थ लावणारे तेच. आज ताण देण्यासाठी हा अर्क मुद्दाम वापरतात. जाळीपेक्षा तो मला जास्त पटतो, कारण निसर्गातली भीती तशीच येते.

रानवाट

वाचतेय. एक भाबडा प्रश्न. कॉर्टिसॉल कमी झालं म्हणजे चांगलंच ना?

कल्लेदार

मला वाटतं सगळ्या धाग्यातला हाच खरा प्रश्न. भाबडा तर मुळीच नाही.

कॉर्टिसॉल म्हणजे विष नव्हे. बगळ्याची सावली पडल्यावर ज्याचं कॉर्टिसॉल वाढतच नाही, तो मासा पुढची अंडी घालायला उरणार नाही. बघायचं असतं ते हे की चढ वेळेवर आला का आणि उतार वेळेवर झाला का. औषधाने ताणानंतरचं शिखर खाली आलं, पण शांत स्थितीतली पातळी तीच राहिली, हे एक चित्र. शांत स्थितीतलीही घसरली, हे वेगळंच. दोन्हींना मथळ्यात ‘ताण कमी’च म्हणतात.

एक बोलकं उदाहरण आहे. कॉर्टिसॉल ओळखणारा पेशीतला ग्राहकच (रिसेप्टर) बिघडलेले झेब्राफिश आहेत, २०१३ मध्ये त्यांच्यावरचं काम प्रसिद्ध झालं. निरोप पोचतच नाही म्हणून शरीर कॉर्टिसॉल ओततच राहतं. हे मासे नव्या टाकीत वारंवार ठेवले तरी सरावत नाहीत, गोठून बसतात. फ्लुओक्सेटिन दिल्यावर ते पुन्हा हिंडू लागले. म्हणजे कॉर्टिसॉल ऐकू न येणं हेच तिथे दुखणं होतं.

बिनपाण्याचा

आता सगळीकडे वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची हवा आहे. तीही मधुमेहाचीच ना? ती देऊन बघा माशांना.

डॉ_घाईत

सेमाग्लुटाइड वगैरे. ती जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल आहे. कल्लेदार, माशात चालतील का?

कल्लेदार

इथे मासा आपल्याला तोंडावर पाडतो. आपल्यात जीएलपी-१ इन्सुलिन वाढवून साखर खाली आणतं. माशांत ते यकृतावर ग्लुकॅगॉन या इन्सुलिनच्या उलट्या संप्रेरकासारखं काम करतं, साखर वाढवतं! झेब्राफिशचा जीएलपी-१ चा ग्राहक ग्लुकॅगॉनलाही ओळखतो. म्हणजे हे औषध माशाला देऊन काही दिसलं, तरी ते ‘मधुमेहाच्या औषधाचा परिणाम’ म्हणायचं की उलट्या औषधाचा? वर ते पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी, पाण्यात टाकून भागणार नाही, टोचावंच लागेल.

अवांतर: इन्सुलिनच्या इतिहासात मात्र माशांचं ऋण आहे. काही हाडांच्या माशांत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा गोळा बाकी स्वादुपिंडापासून सुटा असतो. १९२२ मध्ये इन्सुलिनच्या शोधातले एक शास्त्रज्ञ मॅक्लिऑड यांनी अँगलरफिश आणि स्कल्पिन या माशांचे दोन्ही भाग वेगळे काढून दाखवलं की साखर उतरवणारं द्रव्य त्या गोळ्यातूनच येतं.

मूकवाचक४२

एरवी लिहीत नाही. पण वर सगळे जाळी, सुई, वाटायचं, गोठवायचं असं सहज बोलताय. माशाला दुखतं का, हे कुणी विचारलं नाही.

कल्लेदार

विचारायलाच हवं होतं, चूक माझी. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठात मधमाशीचं विष आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड टोचून पाहिलं. इजा ओळखणाऱ्या चेतातंतू-टोकांचा पुरावा मिळाला, अ‍ॅसिड टोचलेले मासे ओठ खडीवर घासू लागले आणि बराच वेळ खाईनात. त्याला माणसासारखी वेदना म्हणावं का, यावर वाद आहेच. पण संशयाचा फायदा माशाला द्यावा, असं माझं मत.

रसेल आणि बर्च यांची १९५९ ची तीन तत्त्वं पाळणं अपेक्षित असतं: पर्याय असेल तर प्राणी नको, असतील तर कमीत कमी, आणि त्रास कमीत कमी. कॉर्टिसॉल टाकीच्या पाण्यातूनही मोजता येतं, कारण मासा ते बाहेर सोडतो. अशा कामात मासा मारावा लागत नाही. पण त्यात आकडे थोडे धूसर येतात, म्हणून लोक टाळतात. मीही टाळलं होतं. आज टाळलं नसतं.

अक्षांश यांच्या मुद्द्याला जोडून: रचना चुकलेल्या प्रयोगात मेलेले मासे फुकट मेले. त्या पंपाच्या तीन आठवड्यांचा हिशेब मला अजून आठवतो.

मूकवाचक४२

उत्तराबद्दल आभार. पूर्ण पटलं नाही, पण प्रामाणिक वाटलं.

रानवाट

मला वेगळंच सुचतंय. सांजसावलींच्या गोळीचं पुढे काय होतं? म्हणजे शरीरातून गेल्यावर?

डॉ_घाईत

जशीच्या तशी बाहेर. शरीर मेटफॉर्मिनचं विघटन करत नाही. निम्म्याच्या आसपास आतड्यातून रक्तात जातं, ते लघवीतून न बदलता जातं. उरलेलं शौचातून.

कल्लेदार

आणि नदीत पोचतं. सांडपाणी प्रक्रियेत जिवाणू त्याचं बरंचसं ग्वानिलयुरियात रूपांतर करतात, पण दोन्ही पाण्यात सापडतात. जगभर इतके लोक ग्रॅमच्या मापात रोज घेतात असं औषध विरळाच.

म्हणून ‘मधुमेह नसलेल्या माशाला मधुमेहाचं औषध का’ याचं दुसरं उत्तर असं की आपण ते त्याला आधीच देतोय. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका गटाने २०१५ मध्ये फॅटहेड मिनो मासे वर्षभर लिटरला ४० मायक्रोग्रॅम मेटफॉर्मिन असलेल्या पाण्यात वाढवले. नरांच्या वृषणात अंड्यांच्या पेशी दिसल्या, मासे आकाराने लहान राहिले, वीण घटली. गोळी घेतल्यावर माणसाच्या रक्तातली पातळी लिटरला हजार-दोन हजार मायक्रोग्रॅमवर जाते, त्यापुढे ४० काहीच नाही. पण माशाला ते जन्मापासून, अहोरात्र. नंतर नदीत सापडतात तशा मात्रांवर दुसऱ्यांनी अख्ख्या जीवनचक्राचा प्रयोग केला, त्यात असे दुष्परिणाम आढळले नाहीत. वाद मिटलेला नाही.

आता हेच ताणाला लावा. मात्रा जास्त, मुदत तासाभराची, मासा टाकीत वर आला, तर मथळा म्हणतो आशेचा किरण. मात्रा थोडी, मुदत आयुष्यभराची, आणि नदीतला मासा बगळ्याला बघूनही वरच राहिला, तर? मोजमाप एकच, वर काढलेली मिनिटं. पहिल्याला गुण म्हणायचं आणि दुसऱ्याला दोष, हे मासा नाही ठरवत.

बिनपाण्याचा

पहिल्या प्रतिसादातले हप्ते मागे घेतो.

सांजसावली

बी-१२ ची तपासणी झाली, कमी निघालं. डॉ_घाईत, तुमचे आभार. गोळी चालूच आहे, धाग्यामुळे कुणी बंद करू नका.

कल्लेदार, एक शेवटचं. प्रयोग संपल्यावर टाकीतलं ते औषधाचं पाणी कुठे ओतता?

कल्लेदार

बेसिनमध्ये ओतायची बंदी असते. वेगळ्या कॅनमध्ये गोळा करतो. वर औषधाचं नाव, मात्रा, तारीख आणि सही. कॅन भरला की रासायनिक कचऱ्यात. एकदा मी पाव लिटर चुकून बेसिनमध्ये ओतलं, तर पानभर खुलासा लिहून द्यावा लागला होता.